क्लॉड शॅनन आणि बुद्धिबळाच्या डावांची मोजदाद

वसतिगृहात रात्रीचा अभ्यास संपल्यावर दिवे मालवण्यापूर्वी जो थोडा मोकळा वेळ मिळतो, त्यात बुद्धिबळाचे पट मांडले जातात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका पटाशी उभ्या असलेल्या आठवीतील विद्यार्थ्याने आम्हाला विचारले की, संगणक जगज्जेत्यालाही हरवतो, तर मग बुद्धिबळाचे सगळे डाव त्याने एकदाचे मोजून का टाकले नाहीत. सगळे डाव मोजून झाले म्हणजे कोणी चुकणारच नाही, असा त्याचा हिशेब होता. त्या रात्री आम्ही दिलेले उत्तर अर्धेमुर्धे होते, हे आम्हालाच कळत होते. स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली तेव्हा ते उत्तर पुरे करावे असे मनात आले. ते पुरे करायचे तर ज्या गणितज्ञाने संगणकाच्या संदर्भात हा हिशेब मांडला, त्याचे चरित्र सांगणे ओघानेच आले. क्लॉड एल्वुड शॅनन हे त्यांचे नाव. आपल्या खिशातील मोबाइलवरून जाणारा प्रत्येक निरोप त्यांच्या सिद्धान्ताच्या आधारे जातो, तरीही आपल्या शाळांच्या भिंतींवर ज्या शास्त्रज्ञांच्या तसबिरी असतात त्यांत ती एक सहसा दिसत नाही.

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील पेटॉस्की येथे झाला. बालपण गेले ते जवळच्या गेलॉर्ड या लहान गावी. वडील व्यापारी होते व काही काळ वारसाहक्काच्या दाव्यांचे न्यायाधीशही होते. मातोश्री मेबल या भाषा शिकवीत व पुढे गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. थोरली बहीण कॅथरीन गणितात हुशार होती व पुढे गणिताचीच प्राध्यापिका झाली. लहानग्या क्लॉडला यंत्रांचे वेड होते. खेळण्यातली विमाने, दुरून चालवता येणारी नाव असले उद्योग घरी सुरूच असत. त्यांतला एक उद्योग विशेष सांगण्यासारखा आहे. अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राच्या घरापर्यंत त्याने तारायंत्र जोडले आणि त्यासाठी नवी तार न ओढता कुरणाच्या कुंपणाची काटेरी तारच वापरली. गुरे अडवण्यासाठी ठोकलेल्या तारेतून निरोप जाऊ शकतो, हे त्याला त्या वयात सुचले. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले त्याचे बीज आम्हाला त्या कुंपणात दिसते.

मिशिगन विद्यापीठातून १९३६ साली त्यांनी विद्युत अभियांत्रिकी व गणित अशा दोन पदव्या एकदमच घेतल्या. विद्यापीठाच्या सूचना फलकावर लावलेले एक पोस्टकार्ड त्यांच्या नजरेस पडले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे व्हॅनेवर बुश यांच्या गणनयंत्रावर काम करण्यासाठी माणूस हवा होता. शॅनन यांनी अर्ज केला व त्यांची निवड झाली. ते यंत्र दांडे, चाके आणि तबकड्यांचे असून त्याचे नियंत्रण मात्र शंभरएक विद्युत रिलेंच्या गुंतागुंतीच्या जाळ्याकडे होते. रिले म्हणजे विजेने उघडणारा व मिटणारा स्विच. हे जाळे त्या काळी अनुभवाने आणि अंदाजाने जोडले जाई.

मिशिगनमध्ये शॅनन यांनी तर्कशास्त्राच्या वर्गात जॉर्ज बूल या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणितज्ञाचे बीजगणित अभ्यासले होते. त्यात कोणतेही विधान एकतर खरे असते किंवा खोटे. खऱ्याला १ आणि खोट्याला ० म्हणायचे व मग विधानांचा हिशेब करायचा. दोन स्विच एकामागे एक जोडले तर दोन्ही बंद असतील तेव्हाच वीज वाहते, हे झाले 'आणि'. शेजारी शेजारी जोडले तर कोणताही एक बंद असला तरी वाहते, हे झाले 'किंवा'. बूलचे तर्कशास्त्र आणि रिलेंचे जाळे ही एकच गोष्ट आहे, हे शॅनन यांनी १९३७ सालच्या आपल्या एम.एस.च्या प्रबंधात दाखवून दिले. तेव्हा त्यांचे वय होते एकवीस. विजेचे जाळे कागदावर बीजगणिताने सोडवता येते आणि त्या जाळ्याकडून बेरीजही करून घेता येते, हे त्या प्रबंधाने सिद्ध केले. आजच्या प्रत्येक संगणकाचा पाया तो आहे. आमच्या मते कोणत्याही विद्यार्थ्याने पदव्युत्तर पदवीसाठी लिहिलेला याहून महत्त्वाचा प्रबंध विसाव्या शतकात सापडणे कठीण आहे.

येथे थोडे थांबून पालकांशी बोलावेसे वाटते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच किंवा दुसरी पिढी आहे. मुलाने पटावर घालवलेला तास वाया गेला असे वाटणे त्यामुळे स्वाभाविक आहे. शॅनन यांचे उदाहरण देऊन तुम्हाला खोटे पाडण्याचा आमचा विचार नाही. त्यांची आई मुख्याध्यापिका होती, घरात हत्यारे होती, बिघडवायला वस्तू होत्या आणि बिघडवली म्हणून मार खाण्याचे भय नव्हते. हे सारे आपल्या मुलांना सहज मिळत नाही. म्हणूनच तर वसतिगृहाच्या कपाटात पट ठेवावा लागतो आणि प्रयोगशाळेची किल्ली मुलांच्या हाती द्यावी लागते. ही तक्रार म्हणा की मागणी, आम्ही ती येथे नोंदवून पुढे जातो.

पुढे १९४० साली आनुवंशिकतेच्या गणितावर प्रबंध लिहून शॅनन यांनी एमआयटीची डॉक्टरेट मिळवली आणि युद्धाच्या छायेत बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे विमानवेधी तोफांचा नेम साधणारी यंत्रणा व गुप्तलेखन या विषयांवर ते काम करीत. रूझवेल्ट व चर्चिल यांच्यातील संभाषणासाठी जी सांकेतिक दूरध्वनी व्यवस्था उभारली गेली, तिच्या सुरक्षिततेची गणिती तपासणीही त्यांच्याकडे होती. १९४३ च्या आरंभी इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग काही आठवडे त्या प्रयोगशाळेत आले होते. दोघेही सांकेतिक लिपींवर काम करीत असल्यामुळे त्यांना त्याविषयी परस्परांशी अवाक्षर बोलण्याची मुभा नव्हती. चहाच्या वेळी उपाहारगृहात ते भेटत आणि यंत्राला विचार करता येईल काय या विषयावर बोलत बसत. मनुष्याने बनवलेल्या यंत्राला बुद्धिबळ खेळता आले तर त्याला विचार म्हणावे की नाही, हा प्रश्न दोघांच्याही मनात पुढे अनेक वर्षे राहिला. ट्यूरिंग यांनी तर १९४८ च्या सुमारास मित्रासह बुद्धिबळाची आज्ञावली लिहिली आणि ती चालवू शकेल असा संगणक उपलब्ध नसल्यामुळे १९५२ मध्ये स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन यंत्राची भूमिका केली. एकेका खेळीला अर्धा अर्धा तास लागे. डाव अर्थात कागदी यंत्रच हरले.

ज्या निबंधामुळे शॅनन यांचे नाव अजरामर झाले, तो १९४८ मध्ये बेल कंपनीच्या नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. निरोपाचा अर्थ बाजूला ठेवून त्यातील माहितीचे माप घेता येते, हा त्याचा गाभा. हे माप म्हणजे बिट. हा शब्द त्यांचे सहकारी जॉन ट्यूकी यांचा, पण त्याला शास्त्रात स्थान मिळाले ते या निबंधाने. नाणे उडवल्यावर छापा की काटा हे सांगायला एक बिट पुरतो. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे आहेत. मनात धरलेले घर ओळखायला 'होय' किंवा 'नाही' अशी उत्तरे मिळणारे सहा प्रश्न पुरतात, कारण प्रत्येक प्रश्नाने घरे निम्मी होतात : ३२, १६, ८, ४, २, १. म्हणून एका घराची माहिती सहा बिट. विद्यार्थ्यांनी हा खेळ खेळून पाहावा. ज्याला तो जमला त्याला शॅनन यांच्या सिद्धान्ताची पहिली पायरी समजली.

आता बुद्धिबळाकडे वळू. ९ मार्च १९४९ रोजी न्यूयॉर्क येथे रेडिओ अभियंत्यांच्या अधिवेशनात शॅनन यांनी संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवावे यावर निबंध वाचला. त्याच महिन्यात बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ बेटी मूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा त्यांचा दुसरा विवाह. पहिला अल्पकाळात संपला होता. बेटी या पुढे आयुष्यभर त्यांच्या यंत्रांच्या जोडणीतही सहकारी राहिल्या. निबंध १९५० साली फिलॉसॉफिकल मॅगझिन या ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. त्यातील एका लहानशा परिच्छेदात आमच्या आठवीतील विद्यार्थ्याचे उत्तर आहे.

पट मांडल्यावर पांढऱ्याला पहिली खेळी किती प्रकारे करता येते? आठ प्याद्यांपैकी प्रत्येक एक घर किंवा दोन घरे पुढे जाऊ शकते, म्हणजे १६. दोन घोड्यांना प्रत्येकी दोन घरे मोकळी आहेत, म्हणजे ४. एकूण २०. काळ्यालाही उत्तरादाखल तेवढ्याच खेळ्या आहेत, म्हणून दोन खेळ्यांचे क्रम ४००. येथपर्यंत तोंडी हिशेब चालतो. तिसऱ्या खेळीला ४०० गुणिले २० म्हणजे ८,००० असे आपण म्हणू, पण ते चूक आहे. प्यादे पुढे गेल्याने वजीर, उंट यांच्या वाटा मोकळ्या होतात, काही ठिकाणी मारामारीही शक्य होते. खरा आकडा ८,९०२ आहे. चौथ्या खेळीला तो १,९७,२८१ होतो आणि त्यांतले नेमके ८ क्रम पांढऱ्यावर मात होऊन तेथेच संपतात. आमच्या मुलांना ती मात माहीत आहे. राजाच्या उंटापुढचे व घोड्यापुढचे प्यादे उतावळेपणाने ढकलले की काळा वजीर तिरका येऊन बसतो. पाचव्या खेळीला क्रम होतात ४८,६५,६०९ आणि सहाव्या खेळीला, म्हणजे दोघांनी तीन तीन वेळा मोहरे हलवल्यावर, ११,९०,६०,३२४. दहाव्या खेळीपर्यंतचा आकडा ६,९३,५२,८५,९७,१२,४१७ असा चौदा अंकी आहे.

पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करीत जाण्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. राजाचे कोठार रिकामे करणाऱ्या त्या दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते. खेळ्यांचे क्रम चौदाव्या खेळीलाच, म्हणजे दोघांनी सात सात खेळ्या करताच, या वीस अंकी संख्येला ओलांडून तिच्या तिपटीच्याही पुढे जातात.

हे अचूक आकडे शॅनन यांनी काढलेले नाहीत, हे स्पष्ट केले पाहिजे. ते नंतरच्या संगणकांनी मोजले. पंधराव्या खेळीपर्यंतचा बावीस अंकी आकडा आज उपलब्ध आहे. ही मोजदाद करण्यामागे नुसती हौस नाही. बुद्धिबळाची आज्ञावली लिहिणारा प्रथम ती नियम बरोबर पाळते की नाही हे तपासतो. किल्लेकोट कधी करता येतो, दोन घरे उडी मारलेल्या प्याद्याला वाटेतच कसे मारता येते, शेवटच्या रांगेत पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर किंवा घोडा कसा होतो, या बारकाव्यांत चूक हमखास राहते. आज्ञावलीला सर्व क्रम मोजायला लावायचे आणि उत्तर ८,९०२ ऐवजी ८,९०१ आले की समजायचे, कोठेतरी एक नियम निसटला आहे. हिशेबवहीची बेरीज ताडून पाहण्यासारखेच हे आहे. मोजताना आणखी एक युक्ती वापरतात. घोडा आधी व प्यादे नंतर, किंवा प्यादे आधी व घोडा नंतर, असे वेगळे क्रम पटावर एकच स्थिती आणून ठेवतात. तिसऱ्या खेळीनंतरचे क्रम ८,९०२ असले तरी निरनिराळ्या स्थिती ५,३६२ च आहेत. एकदा मोजलेली स्थिती लक्षात ठेवली की तिच्यापुढचे क्रम पुन्हा चालत जाऊन मोजावे लागत नाहीत.

शॅनन यांच्यासमोर असला संगणक नव्हता. त्यांनी अंदाज बांधला. डावाच्या मध्यावर खेळाडूपुढे साधारण ३० कायदेशीर खेळ्या असतात. पांढऱ्याची एक व काळ्याची एक मिळून झाल्या ९००, त्यांनी त्या सोयीसाठी १,००० धरल्या. साधारण डाव दोन्ही बाजूंच्या चाळीस चाळीस खेळ्यांत संपतो. तेव्हा १,००० हा आकडा चाळीस वेळा स्वतःशी गुणायचा. उत्तर आले १० चा १२० वा घात, म्हणजे एकावर एकशेवीस शून्ये. हीच शॅनन संख्या म्हणून प्रसिद्ध आहे. बुद्धिबळाच्या एकूण शक्य डावांची ती संख्या होय असे जे सर्रास सांगितले जाते, ते नेमके नाही. सर्वसाधारण लांबीच्या डावांपुरता तो ढोबळ अंदाज आहे. ९०० चे १,००० न करता हिशेब केला तर शून्ये ११८ च्या आसपास भरतात आणि नियमांत बसणारे लांबच लांब डाव धरले तर संख्या कितीतरी वाढते. पण शॅनन यांना जे दाखवायचे होते त्याला दोन शून्ये इकडेतिकडे झाल्याने बाध येत नाही.

सेकंदाला दहा लाख डाव तपासणारे यंत्र आपण घेतले असे समजू. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात. सगळे डाव तपासून पहिली खेळी ठरवायला त्या यंत्राला लागणारी वर्षे १० च्या १०६ व्या घाताहून अधिक भरतात. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात आणि ती संख्या अवघी अकरा अंकी आहे. यंत्र कोटी पटीने वेगवान केले तर एकशेसहातून सात शून्ये गळतील. बाकीची तशीच राहतील.

डावांऐवजी नुसत्या स्थिती मोजल्या तर? त्यांचा शॅनन यांचा अंदाज होता १० चा ४३ वा घात. अलीकडच्या अधिक काटेकोर गणिताने नियमांत बसणाऱ्या स्थिती सुमारे ४.८ गुणिले १० चा ४४ वा घात इतक्या ठरल्या आहेत. पन्नास वर्षांहून अधिक काळ आधी हाताने बांधलेला अंदाज एवढा जवळचा निघावा याचे आम्हाला कौतुक वाटते. मोठ्या संख्यांचे भय आपल्या परंपरेला नव्हते, हेही येथे सांगावेसे वाटते. ललितविस्तर या ग्रंथात तरुण सिद्धार्थाची गणितज्ञ अर्जुनाने परीक्षा घेतल्याचा प्रसंग आहे. सिद्धार्थ तेथे कोटीपासून शंभराशंभरांच्या पटीने संख्यांची नावे सांगत जातो आणि तल्लक्षण या संख्येपर्यंत पोहोचतो. तल्लक्षण म्हणजे १० चा ५३ वा घात. बुद्धिबळाच्या पटावरील साऱ्या स्थिती त्या एका नावात मावतात आणि तरीही जागा उरते. डाव मात्र मावत नाहीत.

अशक्य आहे एवढे सांगून शॅनन थांबले असते तर तो निबंध आज कोणी वाचला नसता. सगळे पाहणे शक्य नाही, तर थोडे पाहून बरे कसे खेळावे, हा त्यांचा खरा विषय होता. त्यांनी प्रत्येक स्थितीला गुण देण्याची रीत सांगितली. वजीर ९, हत्ती ५, उंट व घोडा प्रत्येकी ३, प्यादे १. राजाला २०० गुण, म्हणजे त्याच्या बदल्यात काहीही देणे परवडू नये. एकामागे एक अडकलेल्या किंवा एकट्या पडलेल्या प्याद्यासाठी अर्धा गुण वजा, मोहऱ्यांना हालचालीस जितकी मोकळीक तितकी थोडी भर. मग काही खेळ्या पुढपर्यंत पाहायचे. प्रतिस्पर्धी आपल्याला सर्वांत घातक ठरेल असेच उत्तर देणार, असे धरून त्या वाइटांतले जे सर्वांत बरे ते निवडायचे. सर्व खेळ्या ठरावीक खोलीपर्यंत पाहणारा यंत्राचा एक प्रकार त्यांनी सांगितला आणि निरर्थक खेळ्या सोडून देऊन महत्त्वाच्याच वाटेने खोल जाणारा दुसरा. पहिल्या प्रकारात दोघांच्या तीन तीन खेळ्या पाहायच्या म्हटल्या तरी सुमारे शंभर कोटी स्थिती होतात. एका स्थितीला सेकंदाचा दहा लाखावा भाग दिला तरी एका खेळीला सोळा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. माणसाप्रमाणे निवड करणारा दुसरा प्रकारच चांगला, असे त्यांचे मत होते.

इतिहासाने येथे त्यांना पुरते खरे ठरवले नाही. ज्या फांदीवरचे उत्तर आधीच्या उत्तरापेक्षा वाईट निघणार हे ठरले, ती फांदी न चढताच छाटण्याची युक्ती सापडली, यंत्रे वेगवान झाली आणि सत्तरच्या दशकापासून पहिल्याच प्रकाराने बाजी मारली. गुण देण्याची आणि वाइटांतले बरे निवडण्याची त्यांची रीत मात्र दोन्ही प्रकारांत टिकली.

शॅनन यांनी स्वतः रिले वापरून एक यंत्र बनवले. पटावर सहापर्यंत मोहरी उरलेली असताना ते डावाचा शेवट खेळून दाखवी. याच सुमारास त्यांनी थीसियस नावाचा यांत्रिक उंदीर केला. पंचवीस घरांच्या चक्रव्यूहात तो धडपडत वाट शोधी व पुन्हा सोडला की न चुकता थेट जाई. उंदरात स्मृती नव्हतीच. ती फरशीखाली टेलिफोनच्या रिलेंमध्ये होती आणि चुंबक उंदराला ओढून नेई. त्याच्या जोडणीत बेटी यांचाही हात होता.

१९५६ साली ते एमआयटीत आले आणि १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच प्राध्यापक राहिले. बॉस्टनजवळच्या विंचेस्टर येथील त्यांचे घर एकचाकी सायकली, चेंडू झेलणारी यंत्रे आणि रोमन आकड्यांत हिशेब करणारा गणक अशा वस्तूंनी भरलेले असे. चालू केल्यावर पेटीतून एक हात बाहेर येऊन बटण बंद करतो आणि पुन्हा आत जातो, एवढेच काम करणारी एक पेटीही त्यांच्याकडे होती. हातांनी चेंडू उडवून झेलण्याच्या खेळावर त्यांनी प्रमेय मांडले. प्रसिद्धीचा त्यांना कंटाळा होता. पन्नाशीनंतर त्यांनी फारसे लिहिले नाही. ही उणीव होती की शहाणपण, यावर त्यांच्या क्षेत्रात मतभेद आहेत. आम्हाला ती उणीवच वाटते. त्यांच्याकडून आणखी मिळण्यासारखे होते.

१९६५ मध्ये ते सोव्हिएत रशियास गेले असता माजी जगज्जेते मिखाईल बोट्विनिक यांच्याशी एक डाव खेळले. बोट्विनिक स्वतः विद्युत अभियंते होते आणि बुद्धिबळाच्या आज्ञावलीवर कामही करीत. शॅनन यांनी सुरुवातीला घोडा व प्यादे देऊन हत्ती मिळवला होता. तरीही ४२ व्या खेळीस ते हरले. हौशी खेळाडूला याहून अधिक काय हवे? १९८० मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा झाली, तिला ते पाहुणे म्हणून हजर होते. ती स्पर्धा जिंकली ती त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेतच बनलेल्या 'बेल' नावाच्या यंत्राने. आपल्या निबंधाचे फळ त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले.

पुढचे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ऐंशीच्या दशकात त्यांची स्मृती हळूहळू जाऊ लागली. १९८५ मध्ये त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी इंग्लंडमधील ब्रायटन येथे माहितीशास्त्राच्या परिषदेत ते अचानक अवतरले तेव्हा तरुण संशोधक स्वाक्षरीसाठी रांगेत उभे राहिले आणि त्यांनी व्यासपीठावर खिशातून चेंडू काढून उडवून दाखवले. निदान झाले अल्झायमरचे. १९९३ पासून ते शुश्रूषागृहात होते. मे १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत गॅरी कास्पारोव्ह यांना ३.५ विरुद्ध २.५ असे हरवले, तेव्हा ज्याने या साऱ्याची पहिली आखणी केली तो माणूस त्या वार्तेपासून फार दूर गेला होता. माहितीचे माप शोधणाऱ्याकडून स्वतःची माहिती अशी एकेक करून निघून जावी, हे लिहिताना आमचा हात अडखळतो.

त्या विद्यार्थ्याला आता आम्ही आणखी एक गोष्ट सांगणार आहोत. १० च्या १२० व्या घाताइतक्या डावांतला एखादा ठरावीक डाव ओळखायला शॅनन यांच्याच मापाने सुमारे ४०० 'होय-नाही' पुरतात, म्हणजे ४०० बिट. वहीच्या अर्ध्या पानावर ४०० शून्ये-एके सहज मावतात. सगळे डाव मिळून विश्वात मावत नाहीत, आणि त्यांतला कोणताही एक अर्ध्या पानावर मावतो. त्याने आपला एखादा डाव असा लिहून काढावा आणि तो त्याच्या मित्राने वाचून पटावर पुन्हा मांडावा. दोघांना जमले नाही तर आम्ही आहोतच.

ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्ड गावात त्यांचा पुतळा उभारला गेला. त्या समारंभास ते जाऊ शकले नाहीत. २४ फेब्रुवारी २००१ रोजी मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न स्मशानभूमीत त्यांची कबर आहे. शिळेच्या दर्शनी बाजूस फक्त नाव आहे. माहिती मोजण्याचे त्यांचे सूत्र कोरले आहे ते मागच्या बाजूला, झुडुपाआड.